पूजा होती, तर प्रसाद कोणी खाल्ला?



आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या ४६व्या श्लोकावर आहे. ज्यांना श्लोक पाठ नाही त्यांच्यासाठी साध्या शब्दांत अर्थ: ज्याच्यापासून ही सगळी सृष्टी निघाली आणि ज्याने ती व्यापून टाकली आहे, त्याची पूजा माणसाने आपल्या वाट्याला आलेल्या कामाने केली, तर त्याला सिद्धी मिळते. ज्ञानोबारायांनी तर इथे आपलं काम हेच फूल मानलंय. बाजारातून वेगळी फुलं आणायला नकोत.

जुन्या वाचकांना आठवत असेल, ह्याच श्लोकावर मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. वर आजीचा फोटो होता, बांधावर उभी, हातात विळा, डोळे उन्हाने बारीक केलेले. शीर्षक होतं 'कर्मयोगिनी'. तुमच्यापैकी खूप जणांनी ते आपापल्या घरच्या ग्रुपवर पाठवलं होतं. काहींनी आपल्या आजीचे फोटो मला पाठवले होते.

आज मला ते लिखाण दुरुस्त करायचंय. काढून टाकणार नाही, राहू दे तिथेच. पण त्यात एक चूक होती, आणि ती मला आजीनेच दाखवली होती. तेव्हा मी ते इथे सांगितलं नाही. लाज वाटली, खरं सांगायचं तर. गेल्या पौषात आजी गेली. म्हणून आता लिहितो.

आजीचं वय नक्की कुणालाच माहीत नव्हतं. आधार कार्डावर १ जानेवारी होती, जी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा तिचं लग्न होऊन गेलेलं होतं एवढं ती सांगायची, म्हणजे नव्वदी ओलांडलेली असणार. माहेर वर मुळशी खोऱ्यात. तिच्या आजोबांची भातखाचरं धरणात गेली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे आपण शाळेत वाचलं. तिच्याकडे ते 'पाण्याखालचं शेत' एवढ्याच शब्दांत होतं. सासर आमचं, माणला. आणि म्हातारपणी सासरचंही शेत गेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेजारच्या हिंजवडीत आयटी पार्क उभं राहायला लागलं, मग एकेक टप्पा वाढत तिसरा आमच्या शिवारात आला. मी आज ज्या बिल्डिंगमध्ये काम करतो तिच्या पाचव्या मजल्याच्या पँट्रीतून एक वाकडं आंब्याचं झाड दिसतं. त्याच्या पलीकडे आमची दोन खाचरं होती. तिथे आता पार्किंग आहे.

मधल्या पन्नास-साठ वर्षांत तिने काय केलं ते मी त्या लिखाणात एका परिच्छेदात उरकलं होतं. 'अखंड कष्ट' असा शब्द वापरला होता. अखंड कष्ट म्हणजे काय हे मला नंतर आईकडून, आत्यांकडून तुकड्यातुकड्याने कळलं.

पहाटे साडेतीनला उठायचं. जात्यावर दळण. गावात गिरणी आली तरी कितीतरी वर्षं ती घरीच दळायची, कारण गिरणीला पैसे पडतात. मग शेण काढायचं, धारा काढायच्या, विहिरीवरून पाणी. दहा-बारा माणसांच्या भाकऱ्या. उजाडायच्या आत एवढं झालं की शेतावर. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे भाताची रोपं जिथे करायची त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळायचं. त्याची सगळी शेणं तिनेच डोक्यावरून वाहिलेली. पाऊस पडला की पेरा, आणि रोपं हातभर झाली की लावणी.

लावणी तुमच्यातल्या किती जणांनी पाहिलीय? फोटोत नाही, जवळून. चिखलात घोट्याच्या वर पाय, कमरेत वाकून, पाठीवर इरलं, वर पाऊस, आणि मागे मागे सरकत एकेक चूड रोवत जायचं. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, कातडं पांढरं पडून फाटतं. रात्री त्यात कोमट तेल सोडायचं आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात. आंबेमोहराचा वास घरभर सुटतो म्हणून आपण कौतुक करतो, तो वास ह्या पायांवरून येतो. आत्या सांगते, तिच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी आजी खाचरात होती, आणि पाळणा बांधावरच्या त्या आंब्याला टांगलेला. सहा बाळंतपणं, चार मुलं जगली. उरलेल्या दोघांबद्दल ती बोलायची नाही.

आता आजोबांचं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आजोबा माळकरी. आमच्या हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो आहे, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, हातात टाळ. सलग बेचाळीस वर्षं त्यांनी देहू ते पंढरपूर पायी वारी केली. एक वर्ष चुकलं नाही. 'आमच्या घरात वारीची परंपरा आहे' हे वाक्य मी कॉलेजमध्ये, ऑफिसात, ह्या ब्लॉगच्या माझ्या परिचयातही लिहिलंय. आणि आजोबा खरंच सरळ माणूस होते. दारू नाही, शिवी नाही, कुणाच्या बांधावर पाय नाही. त्यांची भक्ती खोटी होती असं मला म्हणायचं नाही, तसा अर्थ कृपया काढू नका.

पण वारी कधी असते? पालखी देहूतून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोचते. इकडे आमच्या भातपट्ट्यात नेमके तेच दिवस. रोपांना पाऊस लागलेला असतो, खाचरं चिखलणीला आलेली असतात, आणि लावणी लांबली तर पीक हातचं जातं. तिकडे कोरडवाहू रानात पेरणी उरकून माणूस वारीला जाऊ शकतो. भातवाल्याला लावणी सोडून जायचं तर मागे कुणीतरी लागतं. आजोबांच्या मागे बेचाळीस वर्षं कुणीतरी होतं.

माझ्या 'कर्मयोगिनी'त हे नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

लिखाण प्रसिद्ध केलं त्या रविवारी मी घरी आजीला ते वाचून दाखवलं. मी वाकडला फ्लॅट घेतलाय, पण रविवारी माणला असतो. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना आयोडेक्स लावलेलं. मोठ्या आवाजात वाचलं, कारण ऐकू कमी यायचं. तिचं नांगरटीपासून मळणीपर्यंतचं सगळं काम ही पांडुरंगाची पूजा होती, खाचर हाच तिचा गाभारा होता, असा शेवट होता. वाचून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं डोळ्यांत पाणी असेल.

ती म्हणाली, "पूजा व्हती म्हणतोस?"

म्हटलं, "हो मग."

"मग परसाद कुनी खाल्ला रं?"

मला काही उत्तर देता आलं नाही. ती पुढे म्हणाली, रागाने नाही, एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं, की तिला एकदा चालत जायचं होतं. पंढरपूरला. एकदाच. दर वर्षी आजोबा निघायचे तेव्हा ती त्यांच्या पिशवीत धपाटी बांधून द्यायची आणि मनात म्हणायची, पुढच्या साली. एकदा आकुर्डीच्या मुक्कामापर्यंत बैलगाडीने सोडायला गेली होती. गर्दी फार, पादुकांपर्यंत पोचता आलं नाही, आणि घरी धारांची वेळ झाली म्हणून परत फिरली. आजोबा वारीहून येताना चुरमुरे, बत्तासे, कुंकू आणायचे. चुरमुरे पोरं खायची.

"आन् आता शेत न्हाय, तं गुडघं न्हाईत," एवढं बोलून तिने चहा टाकायला सांगितलं.

नंतर आम्ही तिला गाडीने नेलं पंढरपूरला, कार्तिकात. मुखदर्शन झालं. ती खूश होती. पण ते वेगळं आणि जे तिला हवं होतं ते वेगळं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तेव्हापासून मी हा श्लोक वाचताना अडखळतो. आणि मला सारखी आठवण येते ती आवलीची.

माणवरून देहू फार लांब नाही, ट्रॅफिक नसेल तर तासाच्या आत. (ट्रॅफिक नसेल तर! हिंजवडीत राहणाऱ्यांना ह्या तीन शब्दांची किंमत माहीत आहे.) आपण तुकोबारायांच्या गावचे शेजारी, म्हणून लहानपणापासून आवलीच्या गोष्टी ऐकतो. खरं नाव जिजाई. तुकोबांची दुसरी पत्नी. पहिली पत्नी रखुमाबाई दुष्काळात अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. घरची महाजनकी, दुकान, शेती, सावकारी असं सगळं असलेलं कुटुंब उतरणीला लागलं. मग तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. आपण हे ऐकतो तेव्हा वैराग्य म्हणून हात जोडतो, आणि जोडायलाच हवेत. ज्यांची ती कर्जं होती त्यांची घरं त्या दिवशी मोकळी झाली. पण त्याच दिवशी संध्याकाळी चूल पेटवायची होती ती जिजाईला.

कीर्तनात आवली आली की लोक हसायला तयार असतात. कजाग बाई. विठ्ठलाला शिव्या देणारी. अठराव्या शतकात महिपतींनी संतांची चरित्रं लिहिली, तेव्हापासून उसाची गोष्ट घरोघर पोचली: तुकोबा उसाची मोळी घेऊन निघाले, वाटेत पोरांना वाटत आले, घरी एकच ऊस उरला, आणि तिने तो त्यांच्या पाठीत मारून मोडला. तुकोबा हसले. आपणही हसतो. मी अर्धा डझन कीर्तनांत ही गोष्ट ऐकलीय, आणि घरात त्या दिवशी दुसरं काही खायला होतं का, असं एकाही बुवांनी विचारल्याचं मला आठवत नाही.

पण गोष्टींनीच आवलीचं दुसरं रूपही जपून ठेवलंय. तुकोबा भंडाऱ्यावर नामात बसलेले असायचे आणि ही रोज भाकरी बांधून डोंगर चढायची. ते जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. एकदा पायात काटा मोडला आणि बसून पडली, तेव्हा ज्याला ती रोज शिव्या द्यायची तो विठ्ठलच काटा काढायला आला, अशी कथा आहे. माझ्या मते वारकऱ्यांच्या मनात कुठेतरी टोचत होतं म्हणून ही कथा तयार झाली असावी. देवाला पाय धरायला लावले ते तुकोबांचे नव्हेत, आवलीचे.

'प्रभात'चा 'संत तुकाराम' पाहिलाय का? १९३६चा. यूट्यूबवर शोधा. पागनीसांचे तुकोबा सुंदरच आहेत, पण सिनेमा संपल्यावर डोक्यात राहते ती गौरी नावाच्या नटीने केलेली जिजाई आणि तिची म्हैस. देव कुठे राहतो ह्यापेक्षा म्हैस कुठे गेली ह्याची काळजी असलेली बाई. आमच्याकडे आजीच्या पिढीच्या बायका एक गोष्ट सांगायच्या: तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांनी तिलाही चल म्हटलं, आणि ती म्हणाली, म्हशीचं कोण बघणार. ही गोष्ट सांगताना पुरुष हसायचे, बिचारीला काय सोडून आलं ते कळलं नाही म्हणून. आजी ही गोष्ट सांगताना हसायची नाही. ती म्हणायची, "खरंच कोन बघनार व्हतं?"

आणि मागे फक्त म्हैस नव्हती. तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. नंतर जन्मले ते नारायणबाबा. १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदी आणि तिथून पंढरपूरला न्यायची प्रथा त्यांनीच सुरू केली. म्हणजे आजोबा बेचाळीस वर्षं ज्या पालखीबरोबर चालले, ती सुरू करणारा मुलगा पोटात घेऊन आवली मागे राहिली होती.

आता श्लोकाकडे येऊ.

काम हीच पूजा, हे आपल्या परंपरेत लोकांनी खरोखर जगून दाखवलंय. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, त्यांना मळ्यातच विठ्ठल दिसला. जनाबाईंच्या जात्याला देवाने हात लावला. आणि अगदी अलीकडे, जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी. शाळा पाहिली नाही, तिशीत वैधव्य आलं, शेत आणि मुलं एकटीने सांभाळली, आणि दळताना, निंदताना गात राहिल्या. ती गाणी लिहून ठेवली गेली म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्यांच्या गाण्यांत शेत, चूल, विहीर, सुगरणीचा खोपा सगळीकडे देव आहे, आणि तो वरून चिकटवलेला वाटत नाही.

पण ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, जी मला आजीच्या प्रश्नानंतर दिसली. सावतोबांनी ते स्वतःबद्दल म्हटलंय. जनाबाईंनी स्वतःच्या जात्याबद्दल म्हटलंय. बहिणाबाईंनी स्वतःच्या घामाबद्दल म्हटलंय. नामदेवांच्या घरातल्या कुणी जेवता जेवता 'जनीचं दळण म्हणजे पूजा आहे हो' असं म्हटलं असतं, तर ते वाक्य तेच राहिलं असतं का?

४५व्या श्लोकात एक शब्द आहे, 'अभिरत'. आपल्या कामात जो रमलाय त्याला सिद्धी, असं भगवान म्हणतात. रमणं ही आतली गोष्ट आहे. खाचरात वाकलेली बाई रमलीय की दमलीय, की फक्त दुसरा पर्याय नाही म्हणून उभी आहे, हे बांधावरून दिसत नाही. तिनेच सांगितलं तर कळतं. मी आजीला न विचारता तिच्या वतीने सांगून मोकळा झालो होतो, तेही तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला मी.

शनिवारच्या आमच्या गीता-वर्गात मी हे बोललो तेव्हा एका मित्राने फार चांगला मुद्दा काढला. तो म्हणाला, प्रसाद कोणी खाल्ला असं विचारणं म्हणजे फळाची इच्छाच झाली की. निष्काम कर्म कुठे राहिलं? दोन दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दुसऱ्या अध्यायातला तो प्रसिद्ध ४७वा श्लोक पुन्हा नीट वाचला, आपल्या सगळ्यांना पाठ असलेला, व्हॉट्सॲप स्टेटसवरचा. काम करणाऱ्याने फळावर हक्क सांगू नये, असं तिथे म्हटलंय. म्हणजे तो हक्क घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जातो, असं कुठे म्हटलंय? आणि आजीने फळ मागितलंही नव्हतं. तिने फक्त विचारलं की ते गेलं कुठे.

आणि ज्याच्याकडे गेलं त्याच्याबद्दल गीता गप्प नाही. तिसरा अध्याय उघडा, बारावा आणि तेरावा श्लोक. जे दिलं गेलंय ते परत काही न देता नुसतं भोगतो, त्याच्यासाठी भगवंतांनी वापरलेला शब्द आहे चोर. दुसरा कुठला सौम्य शब्द तिथे नाही, मी तीन भाष्यं बघितली. पुढच्याच श्लोकात, जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात. मी हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. मी तर स्वतःसाठीही शिजवत नाही. माझ्यासाठी दुसरं कुणी शिजवतं, आणि मी त्यावर चिंतन लिहितो.

आमच्या घरात इतकी वर्षं अठरावा अध्याय आजीच्या नावावर होता. तिसरा कुणी आपल्या नावावर करून घेतला नाही.

तिचं सगळं आयुष्य दुःखाचं होतं असंही मला आता लिहायचं नाही, नाहीतर एक चूक सुधारताना दुसरी होईल. तिला रोपं काढायला आवडायचं, ओली मुळं हातात घेऊन पायावर आपटून माती झाडायची तिची एक लकब होती. आणि ती गायची. जात्यावरच्या शेकडो ओव्या तिला येत होत्या. आमच्या मुळशी तालुक्यातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्या दोघांनी १९८०च्या दशकापासून गोळा केल्या. महाराष्ट्रभरच्या मिळून त्या एक लाखाहून जास्त भरल्या, आणि आज 'पारी'च्या वेबसाइटवर ऐकता येतात. जरूर ऐका, झोपण्याआधी ऐका. त्यात विठ्ठल भाऊ असतो, कधी बाप असतो. त्याच्याशी भांडणही असतं. आजीची अशी ओवी आम्ही एकही रेकॉर्ड केली नाही. फोन माझ्या हातातच होता, वर्षानुवर्षं. तिची पूजा कुठे असेलच तर ती पहाटेच्या त्या आवाजात असावी, असं मला वाटतं. पण हेही मलाच वाटतं. तिला मी विचारलं नाही.

आता आईबद्दल, आणि मग थांबतो.

गेली काही वर्षं आम्ही ऑफिसमधले मित्र पालखीबरोबर एक दिवस चालतो. टी-शर्ट, टोपी, गुलाल, संध्याकाळी फोटो. मलाही त्यात खरंच आनंद होतो. गेल्या वर्षी मी पहाटे चारला निघालो तेव्हा डबा तयार होता. धपाटी, शेंगदाण्याची चटणी. आजी जशी बांधायची तशीच, फडक्यात. मी तो घेतला आणि निघालो. आळंदीच्या रस्त्यावर डबा उघडला तेव्हा डोक्यात लख्ख झालं की आई तीनला उठली असणार. तिने आजवर एकदाही वारी केलेली नाही. आणि मी एकदाही विचारलेलं नाही.

आजीच्या तेराव्यानंतर आई भांडी आवरत होती. तिने आजीला जन्मभर 'आत्या' म्हटलं, चाळीस वर्षं दोघी एका चुलीवर. मी विचारलं, "आई, तुला जायचंय का वारीला? चालत. पूर्ण."

ती लगेच हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. म्हणाली, "म्हशीचं कोण बघणार?"

शपथेवर सांगतो, तिने आवलीची गोष्ट मनात धरून नव्हतं म्हटलं. शेत गेलं तरी आमच्याकडे एक म्हैस आहे, सवयीने ठेवलेली, आणि ती आईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. बाबांना जवळ येऊ देत नाही. आजोबांच्या बेचाळीस वाऱ्या ज्यावर उभ्या होत्या तो प्रश्न आमच्या घरात अजून तसाच आहे, फक्त आता त्याला चार पाय आणि शिंगं आहेत.

मी ऑफिसात जूनसाठी रजेचा अर्ज दिलाय, मॅनेजरला वाटतंय मीच वारीला चाललोय. गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी वाकडहून माणला येतो आणि गोठ्यात बसतो. पहिले दोन दिवस तिने मला बघून शेपूट मारली, तिसऱ्या दिवशी बादली लाथाडली. आईने तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्या खांद्यावर टाकला, तिला वास ओळखीचा वाटावा म्हणून. मला काही पोथी वाचण्याइतकं सोपं नव्हतं हे. हातांना आठवडाभर गोळे आलेत, टाइप करताना दुखतात.

आज सकाळी पहिल्यांदा पान्हा सोडला. अर्धा लिटर निघालं असेल. आई दारात उभी होती, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अंगठा आत घे. आणि सावकाश."

राम कृष्ण हरी.